वय ३७, एमबीबीएसची सीट लागली आहे. जाऊ का?

सुरंगी
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळंच विचारतेय, हसू नका.
मी कणकवली तालुक्यातली. २००६ला बारावी. तेव्हा सीईटी होती, त्यात थोडक्यात राहिलं आणि घरून खाजगीची फी शक्य नव्हती, मग डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, केलं. आधी ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी होते, आता खाजगी लॅबमध्ये आहे. नवरा, सासूबाई, मुलगा सातवीत. वयाची अट गेल्याचं कळल्यापासून डोक्यात किडा वळवळत होता, मग रात्री मुलगा झोपला की अभ्यास असं करत नीट दिली. यंदाचा फिजिक्सचा पेपर सगळ्यांनाच रडवून गेला त्याचा मला फायदाच झाला असावा. मार्क विचारू नका, पण पहिल्या राउंडला रत्नागिरीचं सरकारी मेडिकल लागलंय. ओरोसचं सरकारी मेडिकल वरच्या पसंतीला होतं, ते नाही लागलं.
आता हातात चार दिवस आहेत. नवरा जा म्हणतो. सासूबाई काहीच म्हणत नाहीत, हे जास्त वाईट. मला फीचं किंवा लोक काय म्हणतील याचं विचारायचं नाही, ते मी बघते. माझा प्रश्न असा की ३७व्या वर्षी १८ वर्षांच्या पोरांबरोबर अॅनाटॉमी डोक्यात शिरते का, आणि पुढे काय उरतं? कोणी उशिरा गेलेलं असेल तर खरं खरं सांगा.

बांगडा_फ्राय
पहिला प्रतिसाद माझा. अभिनंदन!!! आता पाककृतींच्या धाग्यावर आमचं कसं होणार?

कातळसडा
ताई, आधी मनापासून अभिनंदन. नीट निघाली म्हणजे डोकं चालतंय हे सिद्ध झालं, वेगळा पुरावा कशाला हवा.

घाटावरचा
ओडिशातले जयकिशोर प्रधान आठवले. स्टेट बँकेतून रिटायर झाले, २०२०ची नीट पास झाले आणि ६४व्या वर्षी बुर्ल्याच्या सरकारी मेडिकलला प्रवेश घेतला. तुम्ही त्यांच्यापुढे बाळ आहात.

खाडीपलीकडे
@घाटावरचा, त्यांचं कौतुक आहेच, पण पेन्शन चालू असलेल्या माणसाने शिकणं वेगळं आणि घरातला एक पगार बंद करून शिकणं वेगळं. असली उदाहरणं पेपरात वाचायला बरी वाटतात. सुरंगी, तुमचा पगार गेला की घर कशावर चालणार ते आधी कागदावर मांडा. साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. तेव्हा कुठे महिन्याला १८ हजार स्टायपेंड, तोही २०२४ला वाढवला म्हणून, आधी ११ होता.

सुरंगी
@खाडीपलीकडे, मांडलंय. नवऱ्याचं कलमांचं उत्पन्न आणि एक छोटं गोडाऊन भाड्याने आहे. तंगी होणार, उपास पडणार नाहीत.

उशिराचा_लोकल
मी लिहितो, कारण मी गेलोय. इंजिनियरिंग, मग पुण्यात आयटी, मग २९व्या वर्षी २०१९ला एमबीबीएस. तेव्हा खुल्या प्रवर्गाला २५ची अट लावलेली होती, प्रकरण सुप्रीम कोर्टात, आमच्यासारख्यांना कोर्टाच्या अंतरिम आदेशावर परीक्षेला बसू दिलेलं, म्हणजे वर्गात बसायचं पण डोक्यावर टांगती तलवार. एनएमसीने, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, २०२१च्या ऑक्टोबरात बैठकीत वयाची वरची अट काढली आणि २०२२च्या मार्चला पत्र काढलं तेव्हा आम्ही कॅन्टीनला जिलबी वाटली. तुम्हाला तो ताप नाही.

आता अॅनाटॉमी. खरं सांगायचं तर पहिले तीन महिने मी रोज ठरवायचो की उद्या सोडतो. पोरं एकदा वाचतात, दुसऱ्या दिवशी वायवाला घडाघडा. मला ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताच्या नर्व्हचं जाळं, रात्री पाठ झालेला सकाळी चहा पिईपर्यंत निम्मा गळालेला असायचा. पाठांतराच्या जोरावर त्यांच्याशी स्पर्धा करायचा नाद मी सोडला तेव्हा जमायला लागलं. मी प्रत्येक नर्व्ह कुठल्या पेशंटला जोडायचो. कोपराच्या वर हाड मोडलं आणि मनगट लोंबलं की रेडियल, कुष्ठरोगात बोटं वाकडी झाली की अल्नर. पोरांना ते तिसऱ्या वर्षाला कळतं, आपल्याला आधी कळलं तर लक्षात राहतं. डिसेक्शनला मात्र रोज उभं राहायचं, फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात, पाय भरतात. चांगले बूट घ्या, हे मी सगळ्यात आधी सांगेन.

आणि हजेरी. थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८०. मुलाला ताप आला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय, कोणाचं बारसं, असल्या रजा मोजून वापराव्या लागतात. पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त चार प्रयत्न, आणि सगळा कोर्स नऊ वर्षांत संपवायचा असा नियम आहे. तो नियम घाबरवायला नाही सांगत, पण सप्ली (पुरवणी परीक्षा) लागली तर आकाश कोसळत नाही आणि अमर्याद वेळही नाही, एवढंच.

बांगडा_फ्राय
पोरं काय हाक मारायची? काका?

उशिराचा_लोकल
@बांगडा_फ्राय, पहिला आठवडा सर. त्यांना वाटलं मी डेमॉन्स्ट्रेटर आहे, एकाने तर जर्नल सही करायला पुढे केलं. नंतर दादा. इंटर्नशिपपर्यंत अरे-तुरे, आणि आता तीच पोरं रात्री दोनला फोन करून रडतात.

तात्या_राजापूर
मी चाळीस वर्षं प्रॅक्टिस केलेला माणूस, एमबीबीएस, आता बंद केली. माझं मत कोणाला आवडणार नाही तरी लिहितो.
ताई, हिशोब करा. आज ३७. एमबीबीएस होऊन बाहेर पडाल तेव्हा ४३च्या घरात. सरकारी कॉलेजचा एक वर्षाचा बॉण्ड, तो केला नाही तर दहा लाख भरायचे, म्हणजे ४४. आजकाल नुसत्या एमबीबीएसला कोण विचारतो, म्हणून पीजी म्हणाल तर त्याची परीक्षा, आणि तीन वर्षं रेसिडेन्सी. ४८ला तुम्ही नव्या. रेसिडेन्सी म्हणजे ३६ तास जागं राहणं, ते पंचविशीतल्या शरीरासाठी बनवलेलं आहे. माझी गुडघेदुखी तिथलीच. सरकारी नोकरी म्हणाल तर सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्याला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, डॉक्टरांना काय सवलत आहे ते त्या त्या जाहिरातीत बघावं लागेल. शिवाय एका सीटवर सरकारचा जो खर्च होतो त्याच्या बदल्यात समाजाला किती वर्षं मिळणार हाही प्रश्न आहेच. १८ वर्षांची मुलगी ४० वर्षं सेवा देईल.

कातळसडा
तात्या, ही चाळीस वर्षं सेवा देणारी मुलगी कुठे देणार ती? आमच्या आरोग्य केंद्रात तर ती कधी पोचली नाही. बॉण्ड पुरा करून पीजीला मुंबईला, तिथून पुढे. मी तिला दोष देत नाही, पण मग 'समाजाला किती वर्षं' या हिशोबात आमचा समाज मोजलाय का?

ओटी_सिस्टर
+१ कातळसडा. तात्या, तुमच्याबद्दल आदर आहे, पण पुरुषांना चाळिशीत सुपरस्पेशालिटी करताना कोणी सीटचा खर्च विचारत नाही हो.

तात्या_राजापूर
@ओटी_सिस्टर, मी पुरुषालाही हेच सांगितलं असतं. आणि कातळसडा, मुद्दा मान्य आहे. राजापुरात मी एकटा किती रात्री बसलो ते मलाच माहीत. पण त्यासाठी ताईंनी बळी जायचं का? "तू इथलीच, तू इथेच राहशील" हे ओझं आत्तापासून त्यांच्या डोक्यावर कशाला? त्यांना वाटलं तर त्यांनीही मुंबईला जावं.

मालवणी_मसालो
सुरंगी बाय, जा गो तू. लोकां काय, बोलतलीच. झिलाक भात लावूक शिकव, घोवाक भांडी घासूक. सासूक सांग डॉक्टर सून मेळता, तीय फुकट.

घाटावरचा
फुकटवरून आठवलं, फी खरंच फुकट आहे का? कोणीतरी मुलींना फी माफ म्हणत होतं.

ओटी_सिस्टर
अर्धवट खरं आहे. राज्य सरकारने २०२४ला काढलं, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. हॉस्टेल, मेस, डिपॉझिट यात येत नाही. लग्न झालेल्यांना उत्पन्नाचा दाखला कोणाचा लागतो ते कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनला आधी विचारा, नंतर धावपळ नको.
आणि सुरंगी, कागद! तुमचं दहावी-बारावी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. जातीचा दाखला माहेरचा. माझ्या वहिनीला बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाला एका टेबलावर याच कारणासाठी दिवसभर उभं ठेवलं होतं. लग्नाचा दाखला, नाव बदलाचं राजपत्र असेल तर ते, आणि मधल्या वर्षांचं गॅपचं प्रतिज्ञापत्र, सगळं दोन-दोन प्रतींत घेऊन जा. राजपत्र नसेल तर प्रतिज्ञापत्र तरी.

सुरंगी
राजपत्र नाहीये!! लग्नाचा दाखला आहे. धन्यवाद सिस्टर, हे कोणीच बोललं नव्हतं. उद्याच नोटरीकडे जाते.

उशिराचा_लोकल
आणखी एक, महत्त्वाचं. ओरोस हवंय ना? मग रत्नागिरीला जाऊन प्रवेश घ्या पण स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरू नका. तो भरला की तुम्ही आहे त्या सीटवर समाधानी, पुढच्या राउंडमध्ये तुमचं नाव जात नाही. बरेच जण टेबलावरचा माणूस "सही करा" म्हणाला म्हणून करून मोकळे होतात. पण उलटंही लक्षात ठेवा, पुढच्या राउंडला वरची पसंती लागली की रत्नागिरीची सीट आपोआप जाते, मग "नको, रत्नागिरीच बरी होती" चालत नाही. माहितीपुस्तिका यंदाची वाचा, दरवर्षी काहीतरी बदलतात.

बांगडा_फ्राय
ओरोस लागलं तर घरून ये-जा, हायवेने अर्धा तास. रत्नागिरी लागली तर? कोकण रेल्वेने रोज अप-डाऊन?

खाडीपलीकडे
रोज?! पावसाळी वेळापत्रक बघितलंय का कधी. सकाळच्या लेक्चरला निघाली तर दुपारच्या प्रॅक्टिकलला पोचेल.

तिठ्यावरचा
अरे गाडी तरी वेळेवर सोडा, मग डॉक्टर घडवा. मडुरे ते रत्नागिरी मी पाच वर्षं केलंय, एकदा तुतारी...

(इथून पुढे तुतारी, दिवा पॅसेंजर, क्रॉसिंग आणि निवसरच्या मातीवर बावीस प्रतिसाद झाले, ते रेल्वेच्या धाग्यावर हलवले आहेत. विषयाला धरून लिहावे. - संचालक)

मालवणी_मसालो
संचालकांनू, वाईच सोडून द्या हो, माणसां बोलतत.

कातळसडा
विषयाला धरून: ताई, तुम्ही का जाताय हे तुम्ही लिहिलंच नाही. "राहून गेलेलं स्वप्न" असेल तर मी तात्यांच्या बाजूने आहे, स्वप्नं २० वर्षांनी शिळी होतात. काम आवडतं म्हणून असेल तर वेगळं.

सुरंगी
@कातळसडा, बरं विचारलंत. स्वप्न वगैरे काही नाही, खरंच. मला लॅबचं काम आवडतं आणि त्याच कामाने मला चिडवलंय.
ग्रामीण रुग्णालयात होते तेव्हा पावसात फुरसं चावलेली माणसं यायची. चिरेखाणीवरची, गवत कापणारी. आमच्याकडे महागड्या तपासण्या नव्हत्या, एक साधी टेस्ट. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन एमएल रक्त घ्यायचं, ठेवून द्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग हळू आडवी करायची. रक्त गोठून बसलं तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलंय, अँटीव्हेनम हवं. नळी साबणाने धुतलेली असली तरी टेस्ट चुकते. ती नळी मी आडवी करायची, वाहताना मी बघायची, आणि मग डॉक्टर येईपर्यंत थांबायचं. एकच डॉक्टर, तो डिलिव्हरीत. मला माहीत असायचं काय करायचं ते, पण मी करू शकत नाही, करायचंही नाही, ते बरोबरच आहे. पण नातेवाईक माझ्याकडे बघायचे आणि मी "सर येतायत" म्हणायचे.
तसंच लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचं. भातलावणीनंतर ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बघून मला वास यायचा. रिपोर्ट लिहून खिडकीतून द्यायचा, संपलं. मला त्या खिडकीच्या पलीकडे जायचंय. एवढंच आहे. पीजी नाही झालं तरी चालेल.

तात्या_राजापूर
ताई, हे आधी लिहिलं असतंत तर मी एवढा फाफटपसारा केला नसता.
त्या नळीच्या जिवावर मी निम्मी प्रॅक्टिस केली. आता माझा हिशोब बदलतो. पीजी नको असेल तर ४४ला तुम्ही मोकळ्या, आणि नुसत्या एमबीबीएसने काय होतं ते महाडला बघा. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ला बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, लाल विंचवाने पोरं मरायची, त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, हृदय लिहून लिहून प्राझोसिनपर्यंत गाठ घातली. रक्तदाबाची साधी गोळी. जगभर वाचलं गेलं ते काम, २०२२ला पद्मश्री. पुढे एमडी केलं त्यांनी, पण निरीक्षण आरोग्य केंद्रातलं होतं.
रात्रपाळीबद्दलचं मत मात्र मागे घेत नाही. इंटर्नशिपला कॅज्युअल्टी असते, तेव्हा घरचं कोणीतरी खमकं लागेल.

उशिराचा_लोकल
आणि तुम्हाला तुमची जमेची बाजू कळतेय का? पोरं इंटर्नशिपला शीर शोधताना घामाघूम होतात, तुम्ही डोळे मिटून रक्त काढाल. हिस्टॉलॉजीच्या स्लाइड, दुसऱ्या वर्षाचं मायक्रो आणि पॅथो, ते सगळं तुमच्या हातातलं आहे. मलेरियाचा स्मिअर आमच्या बॅचला महिनाभर दिसतच नव्हता. पहिलं वर्ष तेवढं दात-ओठ खाऊन काढा. फक्त डोळे तपासून घ्या, चाळिशीचा चष्मा मध्येच लागला की मायक्रोस्कोपवर त्रास होतो.

खाडीपलीकडे
मी विरोधात होते, अजून थोडी आहेच. मुलगा सातवीत म्हणजे त्याची बारावी आणि तुमची इंटर्नशिप एकदमच येणार. तेव्हा कोण कोणाला चहा करून देणार ते आत्ता ठरवा. आणि सासूबाईंच्या गप्प बसण्याचा अर्थ आपापल्या मनाने लावू नका, विचारा सरळ.

सुरंगी
विचारलं काल रात्री, तुमच्या प्रतिसादाच्या आधीच. त्या म्हणाल्या, "माका कोणी विचारूकच नाय, म्हणान गप." त्यांना भीती होती की मी रत्नागिरीला राहिले तर मुलाच्या डब्याचं आणि त्यांच्या बीपीच्या गोळ्यांचं कोण बघणार. गोळ्यांचे महिन्याचे डबे भरून ठेवायचे आणि डबा नवऱ्याने करायचा असं ठरलंय. नवरा आजपासून पोळ्या शिकतोय, आकार श्रीलंकेचा येतोय.

मालवणी_मसालो
तांदळाची भाकरी शिकव म्हणावा, आकाराचो प्रश्नच नाय, सगळ्यांचीच तुटता.

ओटी_सिस्टर
म्हणजे जाताय!

सुरंगी
परवा सकाळच्या गाडीने कागद घेऊन. रिटेन्शन भरणार नाही. ओरोस लागलं तर लागलं. लॅबच्या सरांना सांगितलं, ते आधी गप्प झाले आणि मग म्हणाले बदली माणूस दे आणि जा. कोणाच्या ओळखीत डीएमएलटी झालेलं कोणी असेल, कणकवलीत राहायची तयारी असलेलं, तर व्यक्तिगत निरोप करा.
आणि दुसरं, रत्नागिरीत राहायची सोय. हॉस्टेलला १८ वर्षांच्या मुलींबरोबर तिघींत एक खोली मला झेपेल असं वाटत नाही, त्यांनाही नाही झेपणार. कुवारबावला स्टेशनजवळ एक रूम बघितलीय ऑनलाइन, भाडं बरं आहे. घेऊ का?

कातळसडा
कुवारबाव नको. स्टेशन जवळ पडतं म्हणून मोह होतो, पण तुमचं कॉलेज आणि सिव्हिल शहरात, रोज रिक्षा नाहीतर एसटी. सिव्हिलपासून चालत जाता येईल असं बघा, भाडं पाचशे-हजार जास्त गेलं तरी. माझी मावशी त्याच भागात राहते, तिच्या शेजारी एक खोली रिकामी होती गणपतीपर्यंत, विचारून सांगतो. मासे चालतात ना? घरमालक शाकाहारी आहेत.

सुरंगी
चालतात?? त्याशिवाय ब्रेकियल प्लेक्सस कसा पाठ होणार. दुसरं बघा हो.